शीडफळी आणि जलपंख : तोलाच्या प्रश्नाचा इतिहास

१

यंत्रसाधनांचा इतिहास लिहिताना शोधाची तारीख व शोधकाचे नाव यांना जितके महत्त्व मिळते, तितके त्या साधनाच्या जुळणीला मिळत नाही. कोणता भाग कोठे बसवावयाचा, किती अंगुळे पुढे वा मागे सरकवावयाचा, हा प्रश्न कारागिराचा व वापरणाऱ्याचा मानून इतिहासकार तो बाजूस ठेवतो. वस्तुतः कित्येक साधनांच्या बाबतीत खरा प्रश्न तोच असतो. पाण्याखालच्या पंखावर उचलली जाणारी शीडफळी हे याचे बोलके उदाहरण होय.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे इष्ट. विंडसर्फिंग या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या क्रीडेत माणूस एका फळीवर उभा राहून शीड हाती धरतो. त्या साधनास येथे शीडफळी म्हटले आहे. हायड्रोफॉइल म्हणजे पाण्यात बुडालेला, वेग येताच वरच्या दिशेने उचल निर्माण करणारा पंख. त्यास जलपंख म्हणू. या दोहोंच्या संयोगात जो प्रश्न उभा राहतो तो तोलाचा. मराठीत ‘तोल’ या शब्दाने वजन आणि समतोल या दोन्ही गोष्टींचा बोध होतो, हे येथे सोयीचेच आहे. कारण कोणते वजन कोठे पडते यावरच या साधनाचा समतोल सर्वस्वी अवलंबून असतो.

२

जलपंखाचा इतिहास शीडफळीहून जुना आहे. इटालियन अभियंता एन्रिको फोर्लानिनी याने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक पंख बसविलेली नौका चालविली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल व त्याचा सहकारी केसी बॉल्डविन यांनी १९११ मध्ये ही नौका पाहिली व तीतून प्रवासही केला. पुढे कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात त्यांनी बांधलेल्या ‘एचडी-४’ या नौकेने ९ सप्टेंबर १९१९ रोजी ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेग गाठला.

या नौकांमध्ये तोल राखण्याचे काम रचनाच करीत असे. वेग वाढला की नौका वर येई, वरच्या पायऱ्या पाण्याबाहेर पडत, पंखांचे पाण्यातील क्षेत्र घटे व उचल आपोआप मर्यादित होई. १९५३ मध्ये त्याच माज्जोरे सरोवरावर प्रवासी वाहतूक करू लागलेल्या ‘फ्रेच्चा द’ओरो’ या नौकेचे पंख इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे होते. तत्त्व मात्र हेच. दुसरा मार्ग ख्रिस्तोफर हुक याने शोधला. पाण्याचा पृष्ठभाग चाचपणारा एक दांडा पुढे काढावयाचा व त्याच्या हालचालीवर पूर्णपणे बुडालेल्या पंखाचा कोन बदलावयाचा, ही त्याची कल्पना. तीच पुढे मॉथ जातीच्या छोट्या शीडनौकांत ऑस्ट्रेलियातील इलेट बंधूंनी उपयोगात आणली, आणि २००५ मध्ये रोहन व्हील याने जलपंखयुक्त मॉथवर जागतिक विजेतेपद मिळविले. पहिल्या मार्गात तोल पंखाच्या आकाराने सांभाळला, दुसऱ्या मार्गात दांड्याने. माणसाकडे हे काम अद्याप आलेले नव्हते.

३

शीडफळीचा इतिहास याच्या नेमका उलट दिशेने गेला. येथे प्रारंभापासून तोल माणसाच्या हाती होता. अमेरिकेतील न्यूमन डार्बी याने १९६४ च्या सुमारास पतंगाच्या आकाराचे शीड लावलेली फळी तयार केली व ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकाच्या ऑगस्ट १९६५ च्या अंकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. विमानविद्येचा अभियंता जिम ड्रेक व उद्योजक हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातून आपल्या साधनाच्या एकस्वासाठी अर्ज केला; ते १९७० मध्ये मंजूर झाले. डोलकाठी फळीशी सर्व दिशांना कलणाऱ्या सांध्याने जोडलेली, आणि शीड दोन्ही बाजूंच्या कमानदार बूमने हाती धरलेले, हे या रचनेचे मर्म. सुकाणूची गरजच उरली नाही. शीड पुढे कलविले की फळीचे टोक वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविले की वाऱ्याकडे येते. वाऱ्याच्या जोराचा केंद्रबिंदू आणि पाण्याच्या बाजूच्या विरोधाचा केंद्रबिंदू यांचे परस्परांतील अंतर माणूस आपल्या हातांनी बदलतो, एवढेच याचे रहस्य.

या शोधाचे श्रेय कोणाचे हा वाद न्यायालयापर्यंत गेला. इंग्लंडमधील अपील न्यायालयाने १९८५ मध्ये ब्रिटिश एकस्व रद्द ठरविले. पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने १९५८ मध्ये हेलिंग बेटावर अशीच फळी चालविल्याचा पुरावा तेथे ग्राह्य मानला गेला. त्याची बूम सरळ होती, कमानदार नव्हती. परंतु वाऱ्याच्या ताणाने ती वाकून कमानीचाच आकार घेत असे, या बाबीलाही निर्णयात महत्त्व मिळाले. ड्रेक यानेही उत्तरायुष्यात डार्बी व चिल्व्हर्स यांच्यामागचे स्थान प्रांजळपणे स्वीकारले. वादात तुलना झाली ती भागांची : सांधा, बूम, शीड. ते भाग कोठे बसवावयाचे हा प्रश्न वादाचा विषय झाला नाही. तथापि १९८० च्या दशकात डोलकाठीचे बूड पुढेमागे सरकविता येईल अशी लांबट खाच स्पर्धेच्या फळ्यांवर आली, ही घटना त्या निवाड्याइतकीच अर्थपूर्ण आहे. ठरावीक जागी पाडलेले भोक म्हणजे कारखान्याचा निर्णय. खाच म्हणजे तो निर्णय कारखान्यात घेता येत नाही याची कबुली.

४

जलपंख आणि शीडफळी एकत्र आली तेव्हा हे दोन इतिहास एकमेकांस भिडले. शीडफळीखालच्या जलपंखास चाचपणारा दांडा नसतो, पायऱ्याही नसतात. एक उभा खांब, त्याच्या तळाशी आडवा कणा, कण्याच्या पुढच्या टोकाशी मोठा पंख व मागे लहान पंख, एवढीच रचना. पाण्यापासूनची उंची राखण्याचे सर्व काम माणसाच्या पायांकडे येते.

तोलाचे गणित पुढीलप्रमाणे मांडता येते. खेळाडूचा भार फळीवर दोन वाटांनी उतरतो : काही पायांतून, तर काही कमरेच्या दोरांतून बूमवर व तेथून डोलकाठीच्या बुडातून. शिवाय उंचावर लागणारा शिडाचा जोर फळीचे टोक खाली दाबू पाहतो. या सर्वांना तोलून धरणारी उचल पंखांची. उचलीचा बिंदू भाराच्या पुढे गेला तर टोक वर उठते. मागे राहिला तर टोक पाण्यास चिकटून राहते व मागचा पाय दाबून दाबून थकतो. म्हणून पुढचा पाय सतत दाबावा लागत असेल तर जलपंख थोडा मागे घ्यावा, अथवा डोलकाठीचे बूड पुढे न्यावे; मागच्या पायावर ताण येत असेल तर याच्या उलट करावे. स्थिर उड्डाणात दोन्ही पायांवर सारखा भार जाणवणे ही योग्य जुळणीची खूण होय. एका वेळी एकच भाग हलवावा, अन्यथा कोणत्या बदलाने काय घडले याचा बोध होत नाही.

मागच्या पंखाचे कार्य सूक्ष्म आहे. तो सामान्यतः खालच्या दिशेने दाब देतो आणि त्यायोगे टोक वर धरतो. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खेळाडूचे वजन मात्र तेवढेच राहते. परिणामी मंद वाऱ्यात सुखद वाटणारी जुळणी जोराच्या वाऱ्यात टोक उचलू लागते. पंख पाण्याच्या पृष्ठभागाशी आला की हवा आत ओढली जाते, उचल क्षणार्धात नाहीशी होते व फळी आदळते. यावर उपाय म्हणजे मागच्या पंखाखालची पातळ पट्टी बदलून त्याचा कोन कमी करणे. कोन फार कमी केला तर फळी चंचल होते. कणा लांब घेतला तर ती शांत होते, परंतु वळण्यास जड जाते. प्रत्येक लाभाची अशी किंमत मोजावी लागते.

५

जलपंख फळीला जोडावयाचा कोठे, या प्रश्नात जुन्या रचनेचा वारसा स्पष्ट दिसतो. फळीच्या शेपटाकडील उभ्या फिनसाठी लॅरी टटल याने पाचरीच्या आकाराची बैठक योजिली होती. शेपूट ही फिनची योग्य जागा. पण जलपंखही तिच्या खोल आवृत्तीतच बसविला जाऊ लागला. जागा पक्की झाल्यामुळे तोल साधण्याचे काम कण्याची लांबी, मागच्या पंखाचा कोन, पायांचे पट्टे व डोलकाठीची खाच यांवर आले. दुसऱ्या पद्धतीत फळीच्या तळाशी दोन समांतर खाचा असतात व संपूर्ण जलपंख पुढेमागे सरकविता येतो. पहिलीत बैठक भक्कम, दुसरीत स्वातंत्र्य अधिक.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील शीडफळीच्या शर्यती मार्से येथे ‘आयक्यूफॉइल’ या साधनावर झाल्या. पुरुषांत इस्रायलचा टॉम रेउवेनी व स्त्रियांत इटलीची मार्ता माज्जेत्ती विजयी झाली. सर्वांची फळी एकाच नमुन्याची, २२० सेंटिमीटर लांब व ९५ सेंटिमीटर रुंद. शीड पुरुषांसाठी ९ चौरस मीटर व स्त्रियांसाठी ८ चौरस मीटर. साधन समान केल्याने जुळणीचा प्रश्न मात्र संपत नाही, उलट अधिक ठळक होतो. कारण साधने सारखी असली तरी त्यांवर उभ्या राहणाऱ्या माणसांची वजने, उंची व सवयी सारख्या नसतात.

६

फोर्लानिनीच्या पायऱ्यांपासून या फळीपर्यंतचा क्रम पाहिला असता यंत्र उत्तरोत्तर स्वयंचलित होत जाते ही रूढ समजूत येथे लागू पडत नाही. आधी आकाराने, मग दांड्याने सांभाळलेला तोल येथे माणसाच्या शरीराकडे सोपविला गेला. त्याबरोबर ज्ञानाचे स्थानही बदलले. पंखाचा आराखडा कागदावर उरतो, एकस्व दप्तरात उरते; परंतु कोणत्या वाऱ्यात, कोणत्या वजनाला, बूड कोठे ठेवावे हे ज्ञान किनाऱ्यावरच्या प्रयोगांत जमते आणि बहुधा नोंदीवाचून नाहीसे होते. हेलिंग बेटावरच्या मुलाची वाकणारी बूम न्यायालयात साक्षीस आली म्हणून इतिहासात टिकली. ज्यांच्यावर कधी वाद झाला नाही अशा असंख्य जुळण्यांची साक्ष फळीवरच्या खाचाच काय ती देतात. साधनांच्या इतिहासकाराने म्हणून भागांची यादी करून थांबू नये. त्या भागांना सरकण्यास किती जागा ठेवली होती, तेही मोजावे.