तग आणि तगादा

इंग्रजीत 'कीप ऑन' म्हणजे एखादी गोष्ट न सोडता करीत राहणे. तो काम करीत राहिला काय आणि तो पैसे मागत राहिला काय, दोन्हीकडे 'कीप ऑन'च. मराठीला असे सरसकट चालत नाही. चांगल्या गोष्टीला धरून बसला तर चिकाटी, नको तिथे अडून बसला तर हेका. मागणी लावून धरायची, संसार रेटायचा.

आमच्या बारामती-इंदापूरकडचा इतिहास मला मात्र दोनच शब्दांत दिसतो. तगादा आणि तग.

तगादा फारसीतून आला आणि सावकाराच्या ओटीवर बसला. १८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इकडे कापसाला भाव आला आणि कर्जे सढळ हाताने मिळू लागली. युद्ध संपले, भाव कोसळला, वर सरकारने सारा वाढवला. मग तगादे सुरू झाले. १२ मे १८७५ रोजी सुप्यात (तेव्हा तालुका भीमथडी, आता बारामती) आसपासच्या गावांचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ मध्ये कायदा झाला. कर्जाचा मूळ हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. तगाद्याला थोडा लगाम बसला.

पण पाऊस काही कायद्याने पडत नाही! दंग्यानंतर पुढच्याच वर्षी, १८७६ ला, मोठा दुष्काळ पडला होता. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला. कालव्याखालचा भाग बागायत झाला, सुपे-मोरगावकडे मात्र आभाळाकडेच बघायचे.

तग हा शब्द अशा जिरायत रानातला. पाऊस उघडला तरी ज्वारी तग धरते, पण कधीपर्यंत? जमिनीत ओल आहे तोपर्यंत. माणसाचेही तेच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या पिढीने खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. लोक जिद्दीचे होते हे खरेच, पण हाताला काम आणि पोटाला सुकडी मिळाली म्हणून ते तगले. ती मजुरी म्हणजे त्या वर्षीची ओल.

म्हणून अडचणीतल्या माणसाला नुसते "नेट धर, सोडू नकोस" म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. त्याच्या मुळाशी ओल आहे का, ते आधी बघावे. नाहीतर आपला धीरही त्याला तगादाच वाटायचा.

असो. तुमच्या गावाकडे यासाठी आणखी कोणते शब्द आहेत? जरूर कळवा.