वर्गणीवर हेलसिंकीला गेलेला मल्ल

बंगळूरला बदली होऊन आलेल्या मराठी गृहस्थाला पहिल्या महिन्यात जे खर्च सोसावे लागतात, त्यांत घरभाड्याच्या आणि शाळेच्या फीच्या जोडीला आता मुलाच्या खेळाचीही पावती असते. शिकवणीचे शुल्क निराळे, स्पर्धेचे प्रवेशशुल्क निराळे, गणवेशाचे निराळे. आणि संघ परगावी जायचा झाला की वडिलांच्या हाती देणगीपुस्तक येते आणि ओळखीच्या दुकानदारांकडे स्मरणिकेची जाहिरात मागत हिंडण्याचा प्रसंग येतो. माझ्या हाती ते पुस्तक आले तेव्हा, “आमच्या लहानपणी खेळायला कुठे पैसे पडत होते?” असा उद्गार माझ्याही तोंडून निघाला. पुढे थोडे जुने वाचू लागलो तेव्हा कळले की हा उद्गार खरा नाही. पैसे तेव्हाही पडतच होते. ते भरणारा हात आपल्याला दिसत नव्हता एवढेच.

फी घेऊन शरीर घडवण्याची पद्धत या शहराला मुळीच नवी नाही. प्राध्यापक के. व्ही. अय्यर हे नाव जुन्या बंगळूरकरांना अजून आठवते. 1897 साली जन्मलेल्या या गृहस्थाने 1920 च्या दशकात येथे ‘हर्क्युलिस जिम्नॅशियम’ काढले. त्यांची खरी कल्पकता मात्र व्यायामशाळेबाहेर होती. टपालाने व्यायाम शिकवण्याचा वर्ग त्यांनी चालवला. दूरदूरच्या गावी बसलेला तरुण पैसे पाठवी आणि बंगळूरहून त्याला धडे जात. म्हैसूरच्या राजवाड्याचा लोभ त्यांच्यावर होता, तरी शिष्याने मोबदला द्यावा आणि गुरूने विद्या द्यावी हा व्यवहार त्यांनी उघडपणे केला, याचे मला कौतुक वाटते. हेच अय्यर पुढे कन्नड कादंबरीकार झाले. ‘शांतला’ ही त्यांचीच. ज्याच्यापाशी मनिऑर्डरीपुरते पैसे होते त्याला या पद्धतीत कसलीच अडचण नव्हती. ज्याच्यापाशी नव्हते त्याचे काय होई, हे पाहायला आपल्याला बंगळूर सोडून कृष्णा-पंचगंगेच्या काठी जावे लागेल.

तिकडचा खेळ कुस्तीचा, आणि कुस्तीइतका स्वस्त दिसणारा व प्रत्यक्षात महाग असणारा खेळ दुसरा नाही. लंगोट आणि लाल माती यांना काय लागते, असे पाहणाऱ्याला वाटते. पण वाढत्या वयाच्या पैलवानाचे दूध, तूप आणि बदाम यांचा हिशेब मांडला तर मध्यम प्रतीच्या कारकुनाचे घर त्यात बुडेल. हा खुराक कोल्हापुरात दरबार पुरवी. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचे मैदान बांधून पुरे केले, तेव्हा त्या आश्रयाला जणू दगडी रूप आले. गावोगावी मात्र राजा नव्हता. तेथे जत्रा होती. जत्रेची पट्टी घरटी गोळा होई आणि त्यातून कुस्त्यांची इनामे ठरत. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागत, मोठ्यांच्या रोख रकमेवर. आणि चांगली कुस्ती मारणारा मल्ल फेटा पसरून कडे फिरला की प्रेक्षक त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे टाकत. (मामलेदार कचेरीतून फिरवलेल्या यादीला आपल्याकडे कित्येकदा वर्गणीच म्हणतात. ती पट्टी नव्हे, ती वसुली. हा फरक अधिकारी वाचकांना मी समजावून सांगायला नको.)

परदेशी जायचे म्हटले की जत्रेची पट्टी अपुरी पडे. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने खेळाडू निवडले गेले. त्यांत बेळगावचा चौगुले होता, रणधीर शिंदे होते. आणि त्यांना धाडण्यासाठी सर दोराबजी टाटांना आपली थैली मोकळी करावी लागली. शिंदे कुस्तीत चौथे आले. 1932 साली लॉस एंजेलिसला सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाला तर परतीच्या वाटेवर गावोगाव सामने खेळून तिकिटांच्या पैशांनी आपला खर्च भागवावा लागला. ध्यानचंदांसारखा खेळाडू संघात असूनही ही स्थिती! संघासाठी निधी गोळा करण्याची आजची रीत किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या माणसाकडे वळतो. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील मल्ल, घरात कुस्ती. कराडला टिळक हायस्कूल आणि मग कोल्हापूरला राजाराम कॉलेज असे त्यांचे शिक्षण झाले. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेल्या या मुलाला गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम यांची सवय नव्हती. तरी फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. पुढच्या वेळी याहून बरे करून दाखवीन, ही जिद्द घेऊन ते परतले.

पण पुढची वेळ येईपर्यंत खर्च करणारा राजाच नाहीसा झाला होता. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरण योग्य होते, आणि त्याबद्दल हळहळ करण्याचा माझा हेतू नाही. परंतु दरबाराबरोबर दरबाराचा खेळावरचा खर्चही गेला आणि त्याच्या जागी नव्या राज्याच्या अंदाजपत्रकात तसा रकाना अजून उघडला नव्हता, ही त्या काळाची वस्तुस्थिती आहे. जुना धनी गेलेला आणि नवा धनी स्थिरस्थावर न झालेला, अशा अधल्यामधल्या दिवसांत 1952 चे हेलसिंकी ऑलिंपिक आले. संघात निवड व्हावी म्हणून जाधवांना आधीच झगडावे लागले होते. आपल्यावर अन्याय झाला अशी दाद त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे मागितली आणि पुन्हा कुस्ती होऊन ती जिंकली. निवड पदरात पडली, पण जाण्याचे भाडे पडले नाही.

मग वर्गणी निघाली. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल ते दिले. त्या काळचा शेतकरी किती देऊ शकणार याची कल्पना ज्यांनी तालुक्याच्या गावी नोकरी केली आहे त्यांना सहज येईल. बेरीज पुरी होईना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 साली सोन्याचा भाव तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होता. म्हणजे सत्तर तोळ्यांहून अधिक सोने एका प्राध्यापकाने एका विद्यार्थ्याच्या कुस्तीवर लावले. विद्यार्थी हरला असता तर ते घर कोणी सोडवले असते?

येथे एक विसंगती नजरेआड करू नये. ऑलिंपिक तेव्हा ‘हौशी’ खेळाडूंचे होते. खेळावर पैसा मिळवणाऱ्याला तेथे दार बंद. ज्यांच्या घरी पैसा होता अशा मंडळींनी हा नियम केला आणि त्यांना तो शुचितेचा वाटला. गरीब घरच्या मुलाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा होई की तुझ्या अंगच्या ज्या एकाच गुणावर तुला भाडे मिळवता येईल, त्या गुणावर ते मिळवू नकोस. शेजाऱ्यांपुढे हात पसर.

हेलसिंकीला जाधव बँटमवेट गटात लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी यांच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घकाळ झुंज देऊन ते हरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढायला उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला आपल्या पथकातला कोणी त्या वेळी आखाड्यापाशी हजर नव्हता. वर्गणीने मल्ल पोचला होता, त्याच्या पाठीशी उभा राहणारा माणूस पोचला नव्हता. 23 जुलै 1952 रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला 1996 साल उजाडले.

ते परत आले तेव्हा कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. जवळचीच वाट, पण तिला कित्येक तास लागले. मला वाटते, त्या गाड्यांतून पदक पाहायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी त्यात आपले चार आणे, आठ आणे घातलेले होते. फी भरणारा पावती घेऊन मोकळा होतो. वर्गणी देणारा मोकळा होत नाही, आणि घेणारा तर नाहीच. जाधवांनी हे पुरते ओळखले होते. मिरवणूक संपल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः कुस्त्या केल्या आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले. 1955 साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर; आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले. सरकारी रकाना अखेर उघडला, पण नावापुरता आणि फार उशिरा.

बंगळूरला परत येताना मल्लेश्वरमच्या ‘कॅनरा युनियन’समोर थोडे थांबावेसे वाटते. कोंकणी बोलणाऱ्या सारस्वत मंडळींची ही संस्था; आपल्यासारखीच पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेली माणसे. तिच्या सभागृहात लग्ने लागत, आणि लग्न नसेल तेव्हा तेथे बॅडमिंटनचे जाळे बांधले जाई. प्रकाश पदुकोण या मुलाने खेळाचे पहिले धडे तेथे गिरवले. 1980 साली त्यांनी ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि 1994 साली याच शहरात अकादमी काढली, ती एका उद्योगसमूहाच्या पाठबळावर. सभागृह, उद्योगपती आणि आजची फी अशा तीनही पायऱ्या या एका गावात चालत जाऊन पाहता येतात. त्यांतली पहिली मला सर्वांत जवळची वाटते. समाजाने आपल्या मुलींच्या लग्नांसाठी राखलेली जागा उरलेल्या दिवशी मुलांना खेळायला दिली. त्याचा हिशेब कोणी मांडला नाही. मुहूर्ताच्या दिवसांत मात्र जाळे उतरे, मांडव चढे आणि मुले रॅकेटी घेऊन घरी जात.