गोंदियाच्या रुग्णालयाला खाटांइतकीच माणसेही हवीत

गोंदिया शहर कोठे संपते आणि फुलचूर कोठे सुरू होते, हे नवख्या माणसाला कळणे कठीण. फुलचूर, कुडवा, कटंगी ही गावे शहरात मिसळून गेली आहेत. येथील रहिवाशांना शासकीय रुग्णालय हाकेच्या अंतरावर असल्याने साध्या तापासाठीही तेथेच जाणे सोयीचे ठरते. त्याच रांगेत सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून सकाळीच निघालेला रुग्णही उभा असतो. जवळच्या मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधील रुग्णांचाही ओढा गोंदियाकडेच असतो.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 13 लाख 22 हजार होती. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय ही शहरातील दोन शासकीय रुग्णालये या साऱ्यांचा आधार राहिली. 2016 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेही याच दोन रुग्णालयांच्या आधारावर. महाविद्यालयाच्या नव्या वास्तूची कोनशिला तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते 11 फेब्रुवारी 2024 रोजी बसविण्यात आली.

महाविद्यालय आले म्हणजे डॉक्टर आले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर वर्षभराची आंतरवासिता करतो. रात्रीचा वॉर्ड प्रत्यक्षात सांभाळणारे निवासी डॉक्टर तर पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाल्यावरच मिळतात. तोवर जुन्याच मनुष्यबळावर रुग्णसेवेबरोबर अध्यापनाचीही जबाबदारी येते.

परिचारिकांचे गणित याहून अवघड आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी; रजेसाठी 30 टक्के पदे वेगळी. म्हणजे 30 खाटांच्या एका वॉर्डाला 13 परिचारिका लागतात, आणि त्या तीन पाळ्यांत विभागल्यावर एका वेळी जेमतेम तीन हजर राहतात. अतिदक्षता विभागात तर प्रत्येक रुग्णामागे एक असावी लागते. त्यामुळे शंभर खाटा वाढविण्याची घोषणा करताना चाळीसहून अधिक परिचारिकांची पदे मंजूर करून ती भरावीही लागतात. इमारतीचा निधी एकदा द्यावा लागतो, वेतनाचा दरवर्षी. पदे मागे राहतात ती बहुधा येथेच.

ताण हलका करण्याचा दुसरा मार्ग रुग्णालयाच्या बाहेरून जातो. सर्वसाधारण भागात 30 हजार आणि आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. शहराला चिकटलेल्या फुलचूरसारख्या गावांची पंचाईत वेगळी. ती नगरपालिका हद्दीबाहेरची असल्याने आरोग्याची व्यवस्था ग्रामीण, वस्ती मात्र शहरी. अशा ठिकाणी सायंकाळी सुरू राहणारा दवाखाना मिळाला, तर मुख्य रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील खोकला-तापाची गर्दी बरीच ओसरेल. सिकलसेलच्या रुग्णांचा नियमित पाठपुरावाही गावाजवळ होऊ शकतो. पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही.

भंडारा आणि गडचिरोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. शेजारची ही दोन महाविद्यालये रुग्णांचा काही भार उचलतील. पण तज्ज्ञ अध्यापकांची मागणीही त्यांच्यामुळे वाढणार आहे.

खरी कसोटी रात्रीच्या प्रसूतीची. ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियागृह आणि स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही भूलतज्ज्ञ नसेल, तर सिझेरियन होत नाही. रक्तसाठा नसेल तरीही तेच. मग 108 क्रमांकाची रुग्णवाहिका गोंदियाच्या वाटेला लागते. तेथेही जागा किंवा तज्ज्ञ नसेल, तर पुढे नागपूर. गोंदियाहून ते रेल्वेनेच सुमारे 130 किलोमीटर दूर आहे.