मास्टर विठ्ठल : पहिल्या बोलपटाचा मराठी नायक

'आलम आरा' म्हटलं की आपल्याला आर्देशीर इराणी आठवतात, जुबेदा आठवते, फकिराच्या भूमिकेत गाणारे वजीर मोहम्मद खान आठवतात. नायक कोण होता, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण गप्प बसतात. तो नायक म्हणजे मास्टर विठ्ठल (१९०६-१९६९).

विठ्ठल यांची सुरुवात नाटक कंपनीत बालनट म्हणून झाली. पुढे ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. 'कल्याण खजिना' या मूकपटात त्यांनी चक्क नर्तकीचं काम केलं. नंतर मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्यांना नायक केलं आणि त्यांचं नशीब पालटलं. तलवारबाजी, घोडदौड, उंचावरून उड्या, हीच त्यांची जबान होती. लोक त्यांना 'हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स' म्हणू लागले. मूकपटांच्या काळात सर्वात जास्त पगार घेणाऱ्या नटांमध्ये त्यांची गणना होत असे.

अशा वेळी इराणींच्या इम्पीरियल कंपनीने बोलपट काढायचं ठरवलं. मेहबूब खानही त्या भूमिकेसाठी इच्छुक होते, पण इराणींना नावाजलेला चेहरा हवा होता. विठ्ठल शारदा सोडून निघाले. करार मोडला म्हणून शारदाने त्यांना कोर्टात खेचलं. तेव्हा विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले मुंबईचे नामवंत बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. खटला विठ्ठल यांनी जिंकला.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं, असं सांगतात.

पण कोर्टात जिंकलेला हा नायक पडद्यावर मात्र अडला. चित्रपटाची भाषा उर्दू-हिंदुस्तानी, कथा जोसेफ डेव्हिड यांच्या पारसी नाटकावरची. विठ्ठल यांचं उर्दू तलफ्फुज कच्चं होतं. म्हणून त्यांचा शहजादा बराच वेळ बेशुद्ध किंवा गुंगीत दाखवला आणि त्यांचे संवाद कमी केले, असं चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. पहिल्या बोलपटाचा नायकच कमी बोलला!

यात विठ्ठल यांना हसण्यासारखं काही नाही. शरीराने बोलायची कला त्यांनी वर्षानुवर्षं कमावली होती. माईक आला आणि एका रात्रीत परीक्षेचा पेपरच बदलला. बोलपट रुळले तशी मागणी वाढली ती स्वच्छ उच्चार आणि गाता गळा असलेल्यांना. हिंदीत विठ्ठल यांचं पहिलं स्थान राहिलं नाही. पुढे मराठीत, म्हणजे आपल्या मायबोलीत, त्यांनी दीर्घकाळ काम केलं. 'रामशास्त्री' (१९४४) आणि भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) यांत ते दिसतात. 'छत्रपती शिवाजी'मध्ये 'आलम आरा'तले त्यांचे जोडीदार पृथ्वीराज कपूरही होते.

आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. विठ्ठल यांचा तो शहजादा फक्त काही छायाचित्रांत उरला आहे. आपल्या घरांत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा रोज कानावर पडतात, त्या मुलांना फुकट मिळतात. विठ्ठल यांच्यासारख्या कसलेल्या कलावंताला त्यातली एक कमी पडली. मुलांना ही हकीकत जरूर सांगावी, असं आम्हाला वाटतं.