फिश टँकच्या पाण्यात करंट येतो कुठून? मूळ शोधण्याची पद्धत

टँकमध्ये हात घातल्यावर बोटांना झिणझिण्या येणे, नखाजवळच्या जखमेला अचानक चुरचुरणे किंवा टँकच्या लोखंडी स्टँडला हात लागताच हलका झटका बसणे, ही पाण्यात वीज उतरत असल्याची लक्षणे असू शकतात. आपल्या घरात 230 व्होल्टचा पुरवठा असतो. आज जे नुसते झिणझिणते, ते उद्या ओल्या फरशीवर अनवाणी उभे असताना जीवघेणे ठरू शकते. म्हणून असे जाणवले की हात बाहेर काढावा, टँकला न शिवता मेन स्विच बंद करावा आणि मग सगळे प्लग काढावेत.

वाईसारख्या गावात हा प्रश्न दोन कारणांनी येतो. हिवाळ्यात कृष्णाकाठची रात्र चांगलीच गार असते. उष्ण पाण्यातल्या माशांना 24 ते 28 अंश तापमान लागते, त्यामुळे टँकमध्ये हीटर येतो. दुसरे कारण म्हणजे जुने वाडे आणि जुनी घरे. तिथे तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. कुठे ती पूर्वी लोखंडी नळाला जोडलेली असते. नळ बदलून पीव्हीसीचा झाला की ते अर्थिंग फक्त नावाला उरते.

खरी गळती आणि भासमान व्होल्टेज

पंप किंवा ट्यूबच्या तारा पाण्याजवळून जातात, तेव्हा स्पर्श न होताही पाण्यात थोडे व्होल्टेज तयार होते. त्यामागे वाहू शकणारा प्रवाह अत्यल्प असतो. डिजिटल मल्टिमीटर मात्र इतका संवेदनशील असतो की तो त्यालाही 20-40 व्होल्ट दाखवतो. खऱ्या गळतीत हीटरची काच तडकलेली असते, पंपाचे सील गेलेले असते किंवा तारेचे आवरण फाटलेले असते, आणि वीज सरळ पाण्यात येते. नुसत्या आकड्यावरून दोन्हींत फरक करता येत नाही. टेस्टरही इथे उपयोगाचा नाही, कारण त्याचा दिवा दोन्हींत लागू शकतो.

आधी अर्थिंग तपासा

मोजमाप अर्थिंगच्या तुलनेत होते, त्यामुळे अर्थिंगच नसेल तर आकडा निरर्थक ठरतो. सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही 230 च्या आसपास हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच असावेत. फेज ते अर्थ 100-120 असा मधलाच आकडा आला तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे. जिवंत सॉकेटमध्ये मोजण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे. अर्थिंग किती चांगले आहे हेही त्याच्याकडचे अर्थ टेस्टरच सांगू शकते.

शोध घेण्याचा क्रम

1. पायात कोरडी रबरी चप्पल हवी. पूर्ण तपासणीत पाण्यात हात घालायचा नाही.

2. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवा. एक टोक सॉकेटच्या अर्थमध्ये, दुसरे पाण्यात. टोकांच्या धातूला बोट लागू देऊ नका.

3. सगळे प्लग काढलेले असताना आकडा घ्या. तो शून्याजवळ हवा.

4. आता एकेक उपकरण लावा, आकडा लिहा, काढा, मग पुढचे लावा. नुसते बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर ते बंद असतानाही उपकरणात फेज राहतो.

5. हीटर दोनदा तपासा. थर्मोस्टॅट वाढवून दिवा लागलेला असताना एकदा आणि दिवा विझलेला असताना एकदा. काही दोष कॉइल चालू असतानाच दिसतात.

6. ज्या उपकरणाने आकडा एकदम उडी मारतो, ते संशयित. मीटरवर ‘लो-झेड’ची सोय असेल तर त्यावर पुन्हा मोजा. भासमान व्होल्टेज कोसळते, खरी गळती टिकते. या वेळी घरातला आरसीसीबी पडला, तर गळती खरीच आहे असे धरा.

सगळे प्लग काढूनही आकडा दिसला तर?

मग दोष टँकच्या उपकरणांत नसावा. अर्थची तार जमिनीपर्यंत पोहोचलेली नसेल, तर घरातल्या सगळ्या तिसऱ्या पिना एकमेकींना जोडलेल्या आणि अधांतरी असतात. अशा वेळी स्वयंपाकघरातला बिघडलेला फ्रिज किंवा गीझर त्या तारेवर वीज सोडतो आणि ती टँकच्या धातूच्या झाकणापर्यंत येते. टँक फक्त लक्षण दाखवतो. घरातली इतर उपकरणे एकेक काढून आकडा कधी पडतो ते पाहावे.

मासे ठीक असूनही धोका कसा?

तारेवरच्या पक्ष्याला झटका बसत नाही, कारण वीज पुढे जायला वाट नसते. काचेच्या टँकमधल्या माशांचेही तसेच आहे. ती वाट आपला हात उघडतो. याच कारणाने हीटर फुटलेला असूनही, कोणी हात घालेपर्यंत आरसीसीबी पडत नाही. तो पडला नाही म्हणजे दोष नाही, असे समजू नये. एमसीबी तर अशा गळतीला दाद देत नाही, तो अनेक अँपिअरला पडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र हात घातल्यावर क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

पाण्यात सोडायची अर्थिंगची सळई विकत मिळते. आरसीसीबी असेल तर ती उपयोगी आहे, कारण गळती होताच पुरवठा तुटतो. तो नसेल तर ती सळई गळतीला कायमची वाट करून देते आणि प्रवाह पाण्यातून वाहत राहतो.

दोष सापडल्यावर

तडकलेला हीटर किंवा गळका पंप टेप, एम-सील लावून पुन्हा वापरू नये. वायर कापूनच टाकावा, म्हणजे दुसरे कोणी उचलून लावणार नाही. नवा हीटर पाण्याबाहेर काढण्याआधी प्लग काढून पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावा, नाहीतर काच तडकते. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोलातून खाली पडेल. एक्स्टेंशन बोर्ड टँकखाली जमिनीवर ठेवू नये. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढायचे, हा नियम दोष सापडून दुरुस्त झाल्यावरही मोडू नये.