पालखीचा मान आणि मोटारीचा खप

तंजावराहून उत्तरेस तिरुवैयारूकडे जाणारी वाट अवघी तीन-चार कोसांची आहे. परंतु तेवढ्या अंतरात वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टि आणि कावेरी अशा पाच जलधारा आडव्या येतात. ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी, आणि ‘तिरु’ म्हणजे आपल्याकडील ‘श्री’. पंचनदाचे हे क्षेत्र संगीताच्या भोक्त्यांस त्यागराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. बदलीच्या निमित्ताने या प्रांती आलेली आमची मराठी मंडळी पुष्य वद्य पंचमीच्या आराधनेस एकदा तरी तेथे जाऊन येतात आणि कावेरीकाठचा भोसल्यांचा कल्याणमहाल पाहून क्षणभर घरच्या आठवणीत रमतात. आज मात्र आम्हांस या क्षेत्राकडे एका निराळ्याच अंगाने पाहावयाचे आहे. मनुष्य आपली प्रतिष्ठा वाहनावर का बसवितो, आणि एकाचे वाहन दुसऱ्याच्या वाहनाहून श्रेष्ठ कशावरून ठरते, हा तो प्रश्न होय.

तमिळ पंचांगाच्या चित्तिरै महिन्यात येथे सप्तस्थानाचा उत्सव भरतो. लोक त्यास ‘एळूर’, म्हणजे ‘सात गावे’, असे म्हणतात. नंदीचा विवाह तिरुमळपाडीस लागल्यावर पंचनदीश्वर त्या नवदांपत्यास घेऊन आसपासच्या गावांस भेट देतो, अशी कथा आहे. तिरुवैयारूचा देव काचेच्या पालखीतून निघतो. तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पून्दुरुत्ति आणि तिल्लैस्थानम येथील देव आपापल्या पालख्यांतून त्यास सामील होतात, आणि अखेरीस साती पालख्या तिरुवैयारूत एकत्र येतात. सात गावांच्या सात पालख्या एका जागी आल्या म्हणजे तुलना ही व्हावयाचीच. कोणाची आरास अधिक, कोणाच्या भोयांची चाल अधिक सफाईची, हे पाहणारे पाहतातच. परंतु कोणत्या पालखीमागे माणसे किती, यावरून देवाची थोरवी ठरविण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

मराठी राज्यात पालखी ही विकत घ्यावयाची वस्तू नव्हती. लाकूड, गादी, झूल आणि भोई हे सारे पैशाने मिळत. पण त्यात बसण्याचा अधिकार पैशाने मिळत नसे. तो सरकारातून मिळे. पालखीचा मान, छत्री, अबदागीर, दिवटी यांची नेमणूक होई आणि भोयांच्या खर्चाची तजवीजही तीतच असे. ‘पालखीपदस्थ’ हा शब्दच सांगतो की पालखी हे पद होते. एखाद्या सावकारापाशी सरदाराच्या दुप्पट द्रव्य असले, तरी तेवढ्याने तो पालखीत बसू शकत नसे. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो पुष्कळच होता. एवढेच लक्षात घ्यावयाचे की तेव्हा वाहन मनुष्याची पायरी दाखवी. ती पायरी त्यास मिळवून देत नसे.

ही रीत तंजावरासच एका विचित्र अवस्थेस पोहोचली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांनी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती दिला. राजांकडे किल्ला, वर्षाला एक लक्ष होन आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. किताब राहिला, स्वारीचा थाट राहिला, आणि ज्यापायी तो थाट शोभावा ते राज्य मात्र गेले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे औरस पुत्रावाचून निवर्तले, तेव्हा उरलेला किताबही कंपनीने संपविला. आज सरफोजींचे नाव निघते ते सरस्वती महालाच्या ग्रंथांमुळे, आणि ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रासारख्या, रामेश्वरच्या वाटसरूंस अन्न देणाऱ्या धर्मकृत्यांमुळे. त्यांची पालखी कोणत्या लाकडाची होती, हे आज कोणी विचारीत नाही.

याच सरफोजींच्या काळात तिरुवैयारूत त्यागराज (१७६७–१८४७) उंछवृत्तीने राहत होते. तंजावरच्या दरबाराचे बोलावणे त्यांनी नाकारले, असे दक्षिणेत परंपरेने सांगतात, आणि ‘निधि चाल सुखमा’ या त्यांच्या कृतीचा संबंध त्या प्रसंगाशी जोडतात. परंपरेतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरेलच असे नाही. तथापि लोकांनी ही कथा दोनशे वर्षे जपली, यातच त्यांचा निवाडा आला आहे.

आता पालखीकडून मोटारीकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या तीन-चार दशकांत या देशात मोटारीची निवड अशी फारशी नव्हतीच. कलकत्त्याजवळ उत्तरपाऱ्यास बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेली प्रीमियर, आणि मद्रासेस १९४८ पासूनची स्टँडर्ड, अशी तीन नावे प्रत्येक मध्यमवर्गीय घरात ठाऊक होती. उत्पादन परवान्याने बांधलेले, त्यामुळे नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हेच त्या काळचे ऐश्वर्य! गाडीचा दर्जा सुधारण्याची निकड कारखानदारास नव्हती, कारण गिऱ्हाईक जाणार कोठे? खप आणि दर्जा यांचा काडीमोड झालेला तो काळ होता.

त्यांतल्या ॲम्बॅसडर गाडीचे भाग्य मात्र निराळे. ती सरकारची गाडी झाली, आणि पालखीचा जुना न्याय तिच्या रूपाने पुन्हा अवतरला. पांढरा रंग, मागच्या काचेस पडदा, टपावर तांबडा दिवा. हा दिवा बाजारात विकत मिळे, पण लावण्याचा अधिकार हुद्द्याबरोबर येई. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी त्या दिव्याखाली प्रवास केला असेल. काहींना तो मिळण्यापूर्वीच निवृत्त व्हावे लागले असेल. मे २०१४ मध्ये उत्तरपाऱ्याचा कारखाना थांबला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲम्बॅसडरचे केवळ नाव प्यूजो या फ्रेंच कंपनीस ८० कोटी रुपयांस विकले गेले, आणि त्याच वर्षी १ मे पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील तांबडा दिवाही उतरला. गाडी नाही, कारखाना नाही, आणि नावाची किंमत मात्र ८० कोटी! तंजावरच्या तहाची आठवण येथे आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही.

या रिकाम्या जागेवर आले ते तीन जर्मन दरबार. पहिला मर्सिडीज-बेंझचा. कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या मोटारीचे पेटंट घेतले. त्याची आणि डाइमलरची कंपनी १९२६ मध्ये एक झाली. या घराण्याचा आपल्याशी संबंध जुना आहे, कारण १९५४ पासून पंधरा वर्षे टाटांनी त्यांच्याच सहकार्याने मालमोटारी बांधल्या. १९९४ मध्ये हीच मंडळी टाटांच्या भागीदारीत पुण्यास आली, आणि २००९ मध्ये त्यांनी चाकणला स्वतंत्र कारखाना उभारला. दुसरा दरबार बीएमडब्ल्यूचा. १९१६ मध्ये विमानाच्या यंत्रांपासून आरंभ करून पुढे मोटारींकडे वळलेल्या या घराण्याने २००७ मध्ये चेन्नईजवळ सिंगपेरुमाळ कोविल येथे ठाणे दिले. तिसरा दरबार ऑडीचा. ऑगस्ट हॉर्च यास स्वतःच्याच नावाची कंपनी सोडावी लागली. जर्मन भाषेत ‘हॉर्च’ म्हणजे ‘ऐक’, म्हणून त्याने नव्या कंपनीस त्याच अर्थाचा लॅटिन शब्द दिला, तो ‘ऑडी’. २००७ पासून या गाड्यांची जुळणी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, होऊ लागली. तिघांपैकी दोघांनी महाराष्ट्र निवडला आणि एकाने तमिळनाडू, ही गोष्ट या प्रांती राहणाऱ्या मराठी माणसास गमतीची वाटेल.

या तिघांच्या चढाओढीचा इतिहास आकड्यांत मांडता येतो. प्रथम आलेल्या मर्सिडीजचे अग्रस्थान २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने घेतले. २०१३ मध्ये ऑडीने १०,००२ गाड्या विकून वर्षाला दहा हजारांचा टप्पा सर्वांआधी ओलांडला. २०१५ मध्ये मर्सिडीज १३,५०२ गाड्यांनिशी पुन्हा पुढे आली. २०२४ मध्ये मर्सिडीजच्या १९,५६५, बीएमडब्ल्यूच्या, तिच्या मिनी या धाकट्या नावासह, १५,७२१, आणि ऑडीच्या ५,८१६ गाड्या गेल्या. तिन्ही मिळून बेरीज ४१ हजारांच्या किंचित वर. त्या वर्षी देशात खपलेल्या प्रवासी मोटारी ४० लाखांहून अधिक होत्या. म्हणजे ज्या युद्धाच्या वार्ता वर्तमानपत्रे एवढ्या ठळक छापतात, ते शंभरांतील एका गिऱ्हाइकासाठी चाललेले असते.

आता हे आकडे दर्जाविषयी काय सांगतात? बारकाईने पाहिल्यास फारच थोडे. १९९५ मध्ये पुण्यास ‘ई’ वर्गाची जी मर्सिडीज बांधली जाऊ लागली, तिची जागा घेणारी नवी गाडी त्याच वर्षी युरोपात आली. इकडील धनिकांस हे कळावयास वेळ लागला नाही, आणि खप मंदावला. येथे गिऱ्हाइकाने दर्जाचा योग्य न्याय केला असे म्हणता येईल. पण ऑडीची उतरण पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दोन हजार सी. सी. व त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबविली, आणि ती ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का अधिभारासह पुन्हा सुरू केली. पुढे एप्रिल २०२० मध्ये धुराचे नवे नियम आले, तेव्हा ऑडीने येथे डिझेल सोडले. बाकीच्या दोघांनी ते ठेवले. पुढच्या वर्षांत ऑडीचा खप घसरला, तो गाडीची बांधणी एकाएकी बिघडली म्हणून नव्हे. नियम, इंधन, पुरवठा आणि नव्या गाड्या आणण्याचा वेळ यांचा तो हिशेब होता.

किमतीचेही तसेच आहे. तयार गाडी परदेशातून आणली तर जबर जकात बसते; सुटे भाग आणून येथे जुळविले तर ती पुष्कळ कमी होते. म्हणून एकच गाडी बोटीने आली तर महाग आणि चाकणला जुळली तर स्वस्त होते. २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यास सुरू होताच तिची किंमत उतरली. चाके तीच, यंत्र तेच, कातडे तेच. मग त्या उतरलेल्या रुपयांत आजवर कोणता दर्जा भरला होता?

आमच्या मते दर्जाची खरी पारख तीन ठिकाणी होते. पहिली, आपल्या रस्त्यांवर पाच-सात वर्षे चालल्यावर गाडीचे सांधे कसे राहतात. दुसरी, तंजावरासारख्या गावी बिघाड झाला तर दुरुस्तीचे ठिकाण किती दूर आहे. तिसरी, ती विकावयास काढली असता जाणता गिऱ्हाईक तीस काय मोल देतो. यांतील एकाही गोष्टीचा आकडा जानेवारीतील विक्रीच्या डांगोऱ्यात नसतो.

एका बाबतीत मात्र या जर्मन घराण्यांनी आपली नाडी अचूक ओळखली. त्यांच्या देशात मालक स्वतः गाडी हाकतो. आपल्याकडे तो मागे बसतो. म्हणून २०१७ मध्ये मर्सिडीजने ‘ई’ वर्गाची लांबविलेली गाडी भारतात आणली, मागच्या आसनास पाय पसरावयास जागा दिली, आणि ती चालली. पुढे बीएमडब्ल्यूनेही तोच मार्ग धरला. २०२४ मध्ये तिची ‘पाच’ मालिकेची गाडी लांब होऊनच येथे आली. पालखीत बसणारा मनुष्य वाट पाहत नसे, भोई पाहत. दोन शतकांनंतरही ऐश्वर्याची आमची कल्पना मागच्या आसनावरून हललेली नाही. फरक इतकाच की ते आसन पूर्वी सनदेने मिळे. आता हप्त्याने मिळते.

आणि हप्त्याने मिळणे हे काही अंशी बरेही आहे. ज्या पालखीत कुळ व हुद्दा पाहून बसवीत, तीपेक्षा जी मोटार कोणासही विकत मिळते ती अधिक समतेची, हे नाकारता येणार नाही. जून २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार आणि लँड रोव्हर ही इंग्रजी घराणी २३० कोटी डॉलरांस घेतली, ही त्याच बदलाची मोठी खूण. ज्या देशाच्या कंपनीने तंजावरच्या राजास नेमणूक ठरवून दिली, त्या देशाची मानाची वाहने आज भारतीय मालकीची आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच टाटांच्या नव्या कारखान्याची कोनशिला तमिळनाडूत राणीपेट जिल्ह्यातील पनपाक्कम येथे बसली, तेव्हा पुणे आणि तमिळ देश यांचा जुना संबंध आणखी एका प्रकारे जुळला.

परंतु सनद गेली तिच्या जागी खपाचा आकडा आला, आणि येथेच आमच्या वाचकांस थोडे थांबण्याची विनंती आहे. सनद सरकार काढून घेई; आकडा पुढल्या जानेवारीत बाजार काढून घेतो. दोन्ही दुसऱ्याच्या हातचे. अधिकारपदावर असलेल्या माणसास हे सांगावयास नकोच, कारण बदलीचा हुकूम आला म्हणजे दारातील गाडी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या दारात उभी राहते, हे तो जाणतो. मागे राहते ते त्याने बांधलेले धरण, सोडविलेली फाईल, दुष्काळात वेळेवर पोहोचविलेले धान्य. गावातील माणसे वर्षांनंतर त्याचे नाव काढतात ते त्यावरून; गाडीचे नाव त्यांच्या ध्यानात नसते.

तेव्हा पुढील वर्षी तीन घराण्यांपैकी कोण पहिले आले याची बातमी वाचावी, मोटार घेणे असेल तर सांधे, दुरुस्ती आणि मोल या तीन कसोट्या लावून घ्यावी, आणि तिचा उपभोगही आनंदाने घ्यावा. मात्र मान तीत बसलेला आहे असे समजू नये. तिरुवैयारूस दरसाल आराधनेसाठी जो समुदाय लोटतो, तो कावेरीच्या वाळूवर खाली बसून ऐकतो. आणि ज्याच्या स्मरणार्थ तो जमतो त्याने, लोक सांगतात, दरबारच्या थाटाकडे पाठ फिरविली होती.