रवंथ, विजेचा झटका आणि पोटभर जेवण

रवंथ म्हटलं की आपल्याला गोठ्यातली गाय आठवते. पण माणसंही रवंथ करतात. म्हणजे गिळलेलं अन्न परत तोंडात आणायचं, चघळायचं आणि पुन्हा गिळायचं किंवा थुंकून टाकायचं. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांत हे जास्त दिसतं. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण मुद्दा किळसेचा नाही. ह्यात दात झिजतात, वजन घटतं, शरीरातलं पाणी कमी होतं. क्वचित जीवही जातो. त्यामुळे उपाय हवाच होता. प्रश्न होता, कसला?

१९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या वर्तन-मानसशास्त्रज्ञांचं उत्तर होतं: शिक्षा. १९६९ साली लँग आणि मेलामेड ह्यांनी नऊ महिन्यांच्या एका बाळाची केस छापली. बाकीचे उपाय करून झाले होते, बाळ खंगत चाललं होतं. त्याची उलटी सुरू झाली की पायाला विजेचा झटका द्यायचा, ती थांबली की झटका बंद. थोड्याच दिवसांत उलट्या थांबल्या, वजन वाढलं. बाळ वाचलं, हे विसरून चालणार नाही. १९७४ साली सजवाज आणि सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळावर विजेऐवजी लिंबाचा रस वापरला. त्याने रवंथ सुरू केला की तोंडात पिचकारी! संस्थांमध्ये राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांवरही अशा शिक्षा वापरल्या गेल्या.

आता गंमत बघा. ह्या सगळ्यात "हे कसं थांबवायचं?" एवढंच विचारलं जात होतं. ताटात किती वाढलंय, ह्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं.

१९७५ साली जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी पोटभर जेवू घालून पाहिलं. मग १९८१ साली रास्ट, जॉन्स्टन आणि मंडळींनी तेच नीट मोजलं. संस्थेत राहणाऱ्या प्रौढांना नेहमीच्या ठरावीक वाढपाऐवजी हवं तेवढं खाऊ दिलं, आणि रवंथ झपाट्याने कमी झाला. झटका नाही, लिंबू नाही. नुसतं जेवण!

आमच्या धंद्यात ह्याला एरर मेसेज दडपण्याऐवजी लॉग वाचणं म्हणतील. फरक एवढाच, की इथे लॉग लिहिणाऱ्याला बोलता येत नव्हतं. "अजून वाढा" म्हणायची सोय नसलेला माणूस ताटातलं संपल्यावर काय करणार?

अर्थात सगळाच रवंथ भुकेपोटी नसतो. काहींना त्या क्रियेतच सुख मिळतं. शिवाय भरपूर खाऊन वजन वाढतं ते वेगळंच. म्हणून मग नेमकं काय उपयोगी पडतं ह्याचा शोध सुरू झाला: कॅलरी, पोट ताणलं जाणं की चावणं? १९८८च्या एका अभ्यासात जेवणाआधी च्युइंग गम चघळायला दिल्यावरही फरक दिसला.

आज सूचना समजणाऱ्या माणसाला जेवणानंतर पोटाने श्वास घ्यायला शिकवतात. ज्याला ते जमत नाही त्याच्यासाठी अजूनही ताटाकडेच बघावं लागतं: किती, काय आणि किती वेगाने. विजेच्या झटक्यापेक्षा हे कमी नाट्यमय आहे खरं. पण निदान ह्यात समोरच्याला भूक असू शकते, हे गृहीत धरलेलं आहे.